मेंदूतील रक्तस्राव आणि अनियमित हृदयगती : पुढील पक्षाघाताचा धोका

ब्रेन हॅमरेजमधून वाचलेल्या ज्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार आहे, त्याच्यापुढे दोन धोके असतात : गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद होणे आणि मेंदूत पुन्हा रक्तस्राव होणे. पहिला धोका टाळणारी रक्त पातळ करण्याची गोळी दुसरा वाढवते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. डाव्या अलिंदाला बोटाएवढी एक पिशवी असते. तिच्यात रक्त साकळते आणि गुठळी धरते. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या या पिशवीतच सापडतात. गुठळी सुटून मेंदूत गेली की बहुधा मोठी रक्तवाहिनी अडते, त्यामुळे हा पक्षाघात इतरांपेक्षा जबर असतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घ पाहणीत एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढलेला आढळला. उतारवय आणि उच्च रक्तदाब ही गुठळीची कारणे आहेत आणि रक्तस्रावाचीही; म्हणून हे दोन आजार एकाच माणसात वारंवार भेटतात.

रक्तस्राव मेंदूत नेमका कुठे झाला, याला फार महत्त्व आहे. खोल भागातला स्राव बहुतेकदा रक्तदाबामुळे होतो. पृष्ठभागाजवळच्या खंडीय स्रावामागे वृद्धांत अनेकदा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठलेले अमायलॉइड प्रथिन असते. अशा रुग्णांत रक्तस्राव पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ७ टक्के, तर अमायलॉइड नसलेल्यांत सुमारे १ टक्का आढळले आहे. एमआरआयमध्ये दिसणारे सूक्ष्म रक्तस्रावांचे ठिपके हा फरक ओळखायला मदत करतात.

गोळी पुन्हा द्यावी का, याचा अंदाज बरीच वर्षे जुन्या नोंदींवरूनच बांधला जाई. ब्रिटनमधील सोस्टार्ट आणि नेदरलँड्समधील अपाची-एएफ या चाचण्या लहान होत्या. त्यांतून ठाम निष्कर्ष निघाला नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेस्टिज-एएफ या युरोपीय चाचणीत ३१९ रुग्ण होते. नव्या पिढीची रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या १५८ जणांपैकी एकालाच गुठळीचा पक्षाघात झाला. गोळी न घेणाऱ्या १६१ जणांपैकी २० जणांना झाला. मेंदूतला रक्तस्राव मात्र गोळी घेणाऱ्यांपैकी ११ जणांत पुन्हा झाला, न घेणाऱ्यांपैकी एकात. गोळी बंद ठेवणे हाच सुरक्षित मार्ग, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. सरसकट गोळी सुरू करणेही तितकेच चुकीचे. खंडीय रक्तस्राव झालेल्यांबाबत तर जास्तच सावध राहायला हवे : एन्रिच-एएफ या दुसऱ्या चाचणीत अशा रुग्णांचे औषध सुरक्षा समितीच्या सल्ल्याने मध्येच थांबवावे लागले.

ज्यांना गोळी झेपणार नाही, त्यांच्यात मांडीच्या शिरेतून नळी नेऊन अलिंदाची ती पिशवी बंद करण्याचा पर्याय वापरला जातो. त्यानंतरही काही काळ गुठळी रोखणाऱ्या गोळ्या लागतातच. नुसती अ‍ॅस्पिरिन हा पर्याय नव्हे. गुठळीपासून तिचे संरक्षण तोकडे आहे.

भारतात आणखी एक गट विसरता येत नाही. लहानपणीच्या संधिवाती तापाने मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण इथे आजही दिसतात आणि त्यांत तरुण स्त्रियाही असतात. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा हृदयविकाराच्या रुग्णांना नव्या गोळीपेक्षा वॉरफरिन गटातली जुनी औषधेच सरस ठरली. ती घेताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचे माप, साधारण २ ते ३ दरम्यान ठेवावे लागते. कृत्रिम धातूची झडप असेल तर गोळी कायमची बंद ठेवताच येत नाही. युरोपीय चाचणीचे आकडे या रुग्णांना जसेच्या तसे लावू नयेत.

निर्णय काहीही असो, रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणे सर्वांनाच लागू आहे आणि त्याने दोन्ही धोके कमी होतात. रुग्णाने किंवा घरच्यांनी गोळी आपल्या मनाने बंद किंवा सुरू करू नये. पहिल्या सीटी स्कॅनची फिल्म जपून ठेवावी आणि डॉक्टर बदलले तरी प्रत्येक भेटीत दाखवावी. रक्तस्राव कुठे झाला होता, हे तिच्यावरून कळते.