वाहनाचे वस्त्र

वाहन घडवण्याबरोबरच ते नटवण्याची हौसही माणसात जन्मास आली. बैलांच्या पाठीवर झूल, मेण्याला पडदे, रथाला छत ही आपल्याकडील जुनी रीत होय. सुरत तर जरीचे आणि किनखाबाचे शहर. येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घराण्यांना वस्त्राचे मोल निराळे सांगावयास नको. याच शहरात आता मोटारींनाही वस्त्र नेसवले जाते. त्यास ‘व्हिनाइल रॅप’ म्हणतात.

कल्पना मात्र नवी नव्हे. १९२० च्या दशकात चार्ल्स वेमन या वैमानिकाने हलक्या लाकडी सांगाड्यावर लेपित कापड ताणून मोटारींचे साटे बांधले. ते हलके असत व खडखडत नसत. पुढे चकचकीत रंगाच्या पोलादी साट्यांनी त्यांना मागे सारले. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३-२४ च्या सुमारास ‘ड्यूको’ हे लवकर वाळणारे लाखेसारखे रोगण आले आणि रंगांची कवाडे उघडली.

१९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी हे कडक द्रव्य मऊ व लवचीक करण्याची युक्ती शोधली. आजच्या पटलाचे मूळ तेथे आहे. तेच पीव्हीसी आपल्या शेजारी हजिरा येथेही तयार होते. संपूर्ण मोटार झाकण्याच्या रीतीला चालना मिळाली ती जर्मनीत. तेथे १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. असा रंग दिलेली गाडी पुढे विकणे अवघड जाई. म्हणून मालक दुसऱ्या रंगाची गाडी घेऊन तीवर हस्तिदंती पटल चिकटवू लागले आणि विकतेवेळी ते सोलून काढू लागले. हौसेआधी येथे व्यवहार होता, हे ध्यानात घ्यावे.

पटलाचे मुख्य प्रकार दोन. लाटून केलेले स्वस्त असते, परंतु आकसते. सपाट भागापुरते ते ठीक. ओतून केलेले पातळ पटल वळणांवर नीट बसते व अधिक टिकते. संपूर्ण गाडीसाठी दुसरेच घ्यावे. लावण्यापूर्वी गाडी धुऊन तिच्यावरील मेण व तेल पुसून काढावे लागते. बंद, धूळविरहित जागेत मधून कडेकडे पट्टी फिरवीत हवा काढतात, वळणावर गरम हवेने पटल मऊ करतात आणि शेवटी कडा पुन्हा तापवतात, म्हणजे त्या मागे ओढल्या जात नाहीत. सुरतेचे ऊन व खारी दमट हवा पाहता टप व बॉनेटवरील पटल लवकर थकते.

खरी गोम पटलाखाली असते. गंज किंवा सुटलेला रंग पटलाने बरा होत नाही, केवळ दिसेनासा होतो. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरासारख्या पाण्यात बुडून पुन्हा रंगवलेल्या गाडीचा नवा रंग कच्चा असेल, तर पटल सोलताना तोही निघून येतो. जुनी गाडी घेताना पटलाखाली काय आहे, हे म्हणूनच आवर्जून विचारावे.

दुसरी गोष्ट दप्तराची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते. आणि रंग हा त्या तपशिलाचा भाग आहे. रंग बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी. अपघात वा चोरीच्या प्रसंगी गाडीची ओळख या नोंदीवरूनच पटते.

ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, सुरतेच्या एका तरुणाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून आपली मोटार ‘हर घर तिरंगा’ मोहिमेच्या रूपात सजवली व ती दिल्लीपर्यंत नेली. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. हौस असावीच, जरीच्या शहराला ती शोभते. परंतु वस्त्र कितीही भरजरी असले तरी अंगाचे आरोग्य आधी पाहावे, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा शहाणपणा मोटारीलाही लागू पडतो.