शब्द शिका, पण शब्दाने काय झाकलंय तेही बघा

सिनेमे बघा, रिव्ह्यू वाचा, अवघड इंग्रजी शब्द वहीत उतरवा, असा सल्ला आपल्या मुलांना हल्ली सर्रास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. कॉन्व्हेंटची फी न परवडणाऱ्या पोराला मोबाईलवरचा सिनेमा हाच फुकटचा मास्तर. आणि इंग्रजीशी आपलं नातं जुनं आहे. सावित्रीमाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'तूनच इंग्रजी शिकायला सांगितलं होतं.

पण प्रश्न असा, की शब्द कोणाचे शिकायचे?

अॅटनबरो यांचा १९८२चा 'गांधी' घ्या. स्वच्छ उच्चार, वजनदार संवाद, आठ ऑस्कर. इंग्रजीसाठी उत्तम! पण तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात बाबासाहेब कुठेच नाहीत. १९३२चा पुणे करार ज्यांच्यामुळे झाला, तो माणूसच गायब! पुढे जब्बार पटेलांनी बाबासाहेबांवर चित्रपट केला, तोही मुळात इंग्रजीत. त्यातल्या भूमिकेसाठी मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवाद पाठच करायचे, तर हे का नकोत?

आता रिव्ह्यूंकडे वळू. 'सैराट'च्या (२०१६) शेवटाबद्दल इंग्रजीत लिहिताना 'ऑनर किलिंग' हा शब्द हमखास येतो. म्हणजे खुनाला प्रतिष्ठा चिकटली आणि जात शब्दातून गळाली.

नेमका शब्द बरोबर शंभर वर्षं आधी बाबासाहेबांनी मांडून ठेवला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातीवरचा निबंध वाचला. 'एंडोगॅमी', म्हणजे गटातच लग्न, हा मानववंशशास्त्रातला शब्द त्यांनी घेतला आणि जातव्यवस्थेचं मर्म त्यात पकडलं. जात टिकते ती या बंधनावर. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही ते बंधन राखण्याची साधनं. हा शब्द कळला की आर्ची-परशाचा खून का झाला हे कळतं. 'ऑनर' पाठ करून ते कळत नाही.

बाबासाहेबांनी इंग्रजी छाप पाडण्यासाठी कमावली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचं भाषण रद्द केलं, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. शीर्षकात जातीची 'सुधारणा' नव्हती, 'अॅनिहिलेशन' होतं, समूळ उच्छेद.

म्हणून मुलांनो, वही जरूर करा. फक्त प्रत्येक नव्या शब्दासमोर एक प्रश्न लिहा: हा शब्द काय दाखवतो आणि कोणाला लपवतो?

जय भीम!