सशाचे कान आणि मावशींची सही



आमच्या गटाच्या नोंदवहीत एका मावशींच्या सह्या आहेत. पहिल्या वर्षीची सही ठसठशीत, रकाना भरून केलेली. पुढे ती बारीक होत गेली, शेवटी मुंगी चालल्यासारखी. बँकेत सही जुळेना. बायका कुजबुजल्या, मावशी काहीतरी लपवतात. मीही तेव्हा गप्प बसले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात आहे. अक्षर बारीक होणं हे त्याचंच एक लक्षण.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर पुस्तिका लिहिली. पण मेंदूत नेमकं काय बिघडतं हे कळायला पुढे १४० वर्षं गेली, आणि ती वाट आपल्या सर्पगंधेवरून गेली. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये लिहून जगापुढे ठेवलं. तिच्या मुळीतलं रिसर्पिन नावाचं औषध स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन, त्यांच्या सहकारी मार्गिट लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी सशांना टोचलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचला. डोपापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससे चालू लागले! हे साल १९५७.

१९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, त्यात डोपामिन फारच कमी सापडलं. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी डोपा तोंडाने, हळूहळू वाढवत दिला आणि जखडलेली माणसं हिंडू-फिरू लागली. मावशींची गोळी त्याच घराण्यातली. आपल्या बांधावरच्या खाजकुइरीच्या बियांतही डोपा असतो. पण म्हणून बिया कुटून कुणाला देऊ नका, किती पोटात गेला ते कळत नाही.

डोपामिन म्हणजे निरोप्या. तो निरोप देतो आणि जातो, असंच बरीच वर्षं वाटायचं. पण निरोप ऐकल्यावर पेशीच्या आत काय होतं? आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे काय बनवायचं याच्या सूचना. त्यातल्या काही चालू, काही बंद. १९९० मध्ये अमेरिकेत चार्ल्स गर्फेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत एका बाजूचं डोपामिन नाहीसं केलं आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागातल्या दोन प्रकारच्या पेशी पाहिल्या. एकीत एक जनुक मंदावलं, दुसरीत दुसरंच जोरात चालू झालं. डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिल्यावर ही गडबड निवळली.

निरोप एक, परिणाम दोन. ‘पाऊस आला गं’ अशी हाक आली की एक जण वाळवण आत घेते, दुसरी पागोळीखाली घागर लावते, तसं. डोपामिन पहिल्या पेशींना चेतवतं, दुसरींना आवरतं. दोघींचा मेळ बसला तरच हात सरळ उचलतो.

पेशीच्या आत हा निरोप कसा पोचतो, ते पॉल ग्रीनगार्ड यांनी शोधलं. २००० सालचं नोबेल त्यांना, कार्लसनना आणि एरिक कँडेल यांना मिळून मिळालं. ग्रीनगार्ड यांची आई त्यांच्या बाळंतपणातच गेली होती. नोबेलचे पैसे त्यांनी आईच्या नावाने स्त्री शास्त्रज्ञांसाठीच्या पुरस्काराला दिले.

हे सगळं आज का सांगते? गोळीने डोपामिन वर चढतं, असर ओसरला की उतरतं. वर्षानुवर्षं ही चढउतार सोसताना त्या पेशींतल्या जनुकांचं कामही बदलत जातं. मग काहींची मान आपोआप वळते, हात वळवळतो. मावशींचंही तसं झालं. घरचे म्हणाले, नाटक करते, आणि चिडून मावशींनी गोळीच सोडली. दोन दिवसांत अंग लाकडासारखं. ही गोळी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. हात वळवळतो तो कोणत्या वेळी, गोळीनंतर किती वेळाने, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्रा आणि वेळ तेच बदलतील.

मावशींचा हात अकराच्या सुमारास मोकळा असतो. आमची मासिक सभा आता अकरालाच भरते. बँकेत नव्या सहीचा नमुना दिलाय, त्यावेळी दोघी जणी सोबत गेल्या होत्या.