अ‍ॅम्बॅसॅडरचे दुसरे इंजिन

सध्या मुक्काम महू. महूचे नाव निघाले की मराठी माणसाला बाबासाहेबांचे जन्मस्थान आठवते आणि फौजीला इन्फंट्री स्कूल. इथून जवळच पिथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. हिंदुस्तान मोटर्सने तिथे कारखाना काढून इसुझूची इंजिने आणि गिअरबॉक्स बनवले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्यापैकी अनेकांनी ज्या गाडीला पुढे झेंडा आणि स्टार प्लेट लावलेली पाहून सॅल्यूट ठोकला, त्या अ‍ॅम्बॅसॅडरचा उत्तरार्ध या इंजिनाने घडवला. या वेळचा लेख त्याबद्दल.

आधी थोडे मागे जाऊ. हिंदुस्तान मोटर्सची स्थापना १९४२ साली झाली, गुजरातेत ओखा बंदरावर. १९४८ मध्ये कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला. तेव्हा आपल्याकडे परदेशी कंपन्या सुटे भाग आणून गाड्या जोडत. जनरल मोटर्सचा असा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनली पाहिजे. ज्यांना ते परवडणारे नव्हते त्या कंपन्या १९५०च्या दशकात गेल्या. जे उरले, त्यांना काय बनवायचे, किती बनवायचे आणि बाहेरून काय आणायचे, या सगळ्यासाठी दिल्लीचा परवाना लागू लागला.

अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस उत्तरपाड्यात बनू लागली. सुरुवातीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन लवकरच गेले आणि १४८९ सीसीचे बीएमसी बी-सिरीज इंजिन आले. ताकद ५० हॉर्सपॉवरच्या थोडी वर. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक जवळजवळ ८९. म्हणजे पिस्टन लहान आणि त्याचा प्रवास लांब. असे इंजिन कमी फेऱ्यांवर न कुरकुरता ओढते, पण पळवू लागलात की धापा टाकते. बनावट मात्र सोपी. हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये, झाडाखाली चादर अंथरूनसुद्धा, त्याचे हाफ इंजिनचे काम होत असे.

खुद्द इंग्लंडमध्ये हे इंजिन एका जागी थांबले नाही. १९६१ मध्ये तिथल्या ऑक्सफर्डला १६२२ सीसीचे इंजिन मिळाले. १९६२ मध्ये त्याच घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन एमजीबी या स्पोर्ट्स गाडीत बसले. घराणे एकच, तिकडे ते वाढत गेले आणि आपल्याकडे १४८९ वर तीस वर्षे गोठले. आपल्या इंजिनिअरांची अक्कल कमी होती असे अजिबात नाही. नवे इंजिन म्हणजे नव्या मशिनी, त्यासाठी परकीय चलन, त्यासाठी परवाना. आणि गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा असेल, तर कारखानदार तरी कशाला धडपड करील?

फरक पडला तो गाडी चालवणाऱ्याला. सिलिगुडीहून दार्जिलिंगच्या वाटेवरचे घूम घ्या. सिलिगुडी जवळपास सपाटीवर, आणि घूम सुमारे २,२५० मीटरवर. तेवढ्या उंचीवर हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनाची साधारण पाचव्या हिश्शाची ताकद तिथेच जाते. पन्नास घोड्यांतले चाळीस उरतात. त्यात पाच माणसे, डिकीत ट्रंक आणि वर कॅरिअरला होल्डॉल. ज्यांनी त्या भागात ड्यूटी केली आहे त्यांना पहिल्या गिअरचा तो आवाज आणि रेडिएटरसाठी बरोबर ठेवलेला पाण्याचा डबा आठवत असेल.

परिस्थिती बदलली ती १९८०च्या दशकात. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा आणली. दिसायला रुबाबदार, पण पोटात तेच १४८९ सीसी. अंगाने मोठी गाडी आणि दम जुनाच, त्यामुळे लोक हसू लागले. पुढे जपानच्या इसुझूशी करार झाला आणि काँटेसाला १८१७ सीसीचे इंजिन मिळाले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तेच अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये उतरले: ताकद साधारण ७५ हॉर्सपॉवर, बोअर ८४, स्ट्रोक ८२, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आणि पाच गिअर, तेही स्टिअरिंगजवळ नाही तर खाली फ्लोअरवर. थोडक्यात, जुन्या सेडानमध्ये मोठे इंजिन बसवण्याचे काम खुद्द कारखान्यानेच केले. एकदा ही वाट पडल्यावर जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचे मालक मागे कसे राहतील?

महूत स्थायिक झालेले, ईएमईतून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब आहेत, मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांनी १९९७ साली घराच्या अंगणात हे काम केले. गाडी जुनी अ‍ॅम्बॅसॅडर, इंजिन भंगारात निघालेल्या काँटेसाचे. कडुनिंबाच्या फांदीला चेन ब्लॉक लावायचा असा अनेकांचा सल्ला होता. त्यांनी लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली. मी विचारले, "साहेब, इंजिन बसवायला किती दिवस लागले?"

ते म्हणाले, "इंजिन बसवायला दोन दिवस, बाकीची गाडी त्याच्या लायकीची करायला चार महिने. लोक दोन दिवसांचंच काम करतात आणि चार महिन्यांचं सोडून देतात."

मग त्यांनी चार महिन्यांचा हिशोब सांगितला. इंजिनचे माउंटिंग बदलले. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट बदलला आणि त्याचे क्रॉस नवे घातले. गिअरची दांडी खाली आली, म्हणून फ्लोअर कापून पुन्हा जोडला. मोठे इंजिन जास्त उष्णता टाकते, म्हणून रेडिएटर मोठा. पुढे वजन बदलले, म्हणून टॉर्शन बार पुन्हा सेट केले. आणि सगळ्यात जास्त वेळ दिला तो ब्रेकना.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते ज्या वेगासाठी बनले, त्या वेगाला पुरेसे होते. पण गाडी ताशी ६०ऐवजी ९०ने जाऊ लागली, तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही. वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. ती सगळी उष्णता त्याच ड्रममध्ये जाते. उतारावर दोन-तीन वेळा जोराने दाबले की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन गाडीला वेग देते, पण घरी सुखरूप पोहोचवतात ते ब्रेक.

दुसरी गोष्ट कागदाची. फौजेत लेखी आदेशाशिवाय गाडीत बदल होत नाही, आणि इंजिन बदलले तर लॉगबुकात नोंद होते. सुभेदार साहेबांनी तीच सवय घरी पाळली. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार तेव्हा आरटीओला कळवून आणि मंजुरी घेऊन असा बदल करता येत होता. त्यांनी आधी मंजुरी घेतली, नंतर पाना हातात घेतला. त्यांच्या आरसीवर नवा इंजिन नंबर आणि नवी सीसी दोन्ही आहेत. २००० साली हे कलम कडक झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल चालणार नाही. थकलेले इंजिन काढून त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन मंजुरीने घालणे वेगळे, आणि छोट्याच्या जागी मोठे घालणे वेगळे.

मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. आता आपल्यातले अनेक निवृत्त बांधव हौसेने जुनी अ‍ॅम्बॅसॅडर शोधतात, आणि विकणारा अभिमानाने सांगतो, "इसुझू टाकलंय, पळवून बघा." पळवून जरूर बघा, पण त्याआधी बॉनेट उघडून इंजिन नंबर वाचा आणि आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. जुळला नाही तर ती गाडी कागदोपत्री दुसरीच आहे. अपघात झाला की विमा कंपनी आणि न्यायालय दोघेही तोच नंबर विचारतील, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई कदाचित तुमच्या पेन्शनमधून जाईल. नंबर जुळला तर चाक काढायला लावून ड्रम पाहा. तेही ठीक असतील, तर खुशाल घ्या. घाटात तिसऱ्या गिअरवर चढणारी अ‍ॅम्बॅसॅडर ही खरोखर मजेची गोष्ट आहे.