आइसलँडमधील शनिवारच्या सभा

सन २००८ च्या ऑक्टोबरात आइसलँडच्या तीन मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या. देशाची वस्ती अवघी सव्वातीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. आणि बँकांचा पसारा मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ दसपट! या बँका परदेशातून अल्प मुदतीची कर्जे उचलीत, ब्रिटन-हॉलंडमधील ठेवी गोळा करीत. नवे कर्ज मिळत होते तोवर जुने फिटत होते. सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि नवे कर्ज मिळेनासे झाले. अशा वेळी मध्यवर्ती बँकेने हात द्यावयाचा. पण ती फार तर आपले क्रोना छापणार. पौंड नि युरो कोठून आणणार?

६ ऑक्टोबरला पंतप्रधान गेर हार्डे दूरचित्रवाणीवर बोलले आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी देशासाठी ईश्वराची कृपा भाकली. लोकांच्या पोटात गोळाच आला. क्रोनाची किंमत घसरत निम्म्यावर आली. ज्यांनी परकी चलनात मोटारीसाठी कर्ज काढले होते त्यांचे देणे बसल्या जागी दुपटीच्या घरात गेले.

त्याच महिन्यात होर्दुर तोर्फासोन नावाचा गायक-नट राजधानी रेक्याविक येथे संसदेसमोरच्या मैदानात उभा राहून लोकांना बोलते करू लागला. पुढे दर शनिवारी तेथे सभा भरू लागली. मागण्या मोजक्याच होत्या: सरकारने जावे, मध्यवर्ती बँकेच्या चालकांनी जावे, नव्या निवडणुका व्हाव्यात. या मैदानात योन सिगुर्दसोन यांचा पुतळा आहे. डेन्मार्कपाशी त्यांनी स्वातंत्र्याचे भांडण मांडले ते लेखणीने आणि कायद्याने. सभेला याहून योग्य जागा ती कोणती? तिकडचा हिवाळा म्हणजे दिवस पाच तासांचा; तरी माणसे येतच राहिली. मला या चळवळीचे खरे बळ या चिकाटीत दिसते, मागाहून झालेल्या गोंगाटात नव्हे.

गोंगाट झाला तो २० जानेवारी २००९ रोजी. सुटीनंतर संसद भरली, तेव्हा बाहेर माणसे पातेली, तवे, डाव घेऊन ते बडवीत उभी होती. पुढे एका रात्री काहींनी पोलिसांवर दगड फेकले, अश्रुधूर सुटला. १९४९ नंतर तेथे तो प्रथमच सुटत होता. सारे हातचे जावयाची वेळ ती हीच. पण निदर्शकांतीलच काही जण पोलिसांपुढे कडे करून उभे राहिले आणि शांततावाद्यांनी नारिंगी फीत ही आपली खूण ठरविली.

२३ जानेवारीला हार्डे यांनी आपल्या अन्ननलिकेच्या दुखण्याची वार्ता सांगून निवडणुका जाहीर केल्या. २६ ला सरकार पडले. १ फेब्रुवारीला योहाना सिगुर्दारदोत्तिर पंतप्रधान झाल्या. भांड्यांच्या नादाने कोणाचे कर्ज फिटले नाही, हेही खरे. मात्र चौकशी झाली. एप्रिल २०१० मध्ये दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल बाहेर पडला, आणि रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी तो आळीपाळीने, अहोरात्र, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लोकांना वाचून दाखविला.