एसीचा खर्च कुठून मोजायचा?

"आता तर यांच्या वस्तीतही एसी लागले, मग आरक्षण कशाला पाहिजे?" हे वाक्य बीड जिल्ह्यात हल्ली प्रत्येक उन्हाळ्यात ऐकू येते. कुणा शिक्षकाच्या, कुणा एसटी कंडक्टरच्या घराच्या भिंतीबाहेर पांढरा डबा टांगलेला दिसला की बोलणाऱ्याच्या पोटात दुखायला लागते. आपले लोक या वाक्यावर चिडतात किंवा गप्प बसतात. मला वाटते, याला हिशेबाने उत्तर द्यावे. आणि तो हिशेब दुकानाच्या बिलापासून सुरू होत नाही.

आधी दुकानाचेच बिल घेऊ. दीड टनाचा स्प्लिट एसी साधारण पस्तीस ते चाळीस हजारांना मिळतो. बाहेरच्या युनिटचे स्टँड, वाढीव तांब्याचा पाइप, फिटिंगची मजुरी, स्टॅबिलायझर, जाड वायर आणि एमसीबी धरले की आकडा पन्नास हजारांच्या आसपास जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. चाळीस हजारांच्या एसीत त्यामुळे सुमारे तीन हजार वाचतात, अर्थात ज्याला घ्यायचाच आहे त्याचे.

पण एसी लागतो बंद खोलीला. पत्र्याच्या खोलीत, जिथे भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असते, तिथे एसी लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. म्हणजे एसी बसवण्याचा पहिला खर्च छताचा. छताचा इतिहास काढला की जात आडवी येते.

मराठवाड्यातली जुनी पाटील-देशमुखांची घरे पाहा. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचा थर दिलेले माळवद. मे महिन्यातही आत गारवा. विजेशिवाय चालणारा हा एसीच होता. गावकुसाबाहेर मात्र कुडाच्या भिंती आणि पाचटाचे छप्पर. आपल्या लोकांना माती मिळत नव्हती की काय? बाबासाहेबांनी गावगाड्याचा अलिखित कायदा नोंदवून ठेवला आहे. इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात तो वाचायला मिळतो. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला असावी, कारण ती दिशा अशुभ. अस्पृश्याने कौलारू घर बांधले तर तो गुन्हा. म्हणजे उन्हापासून डोके झाकण्याची सोय असणे हाच अपराध होता. आणि १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात जमावांनी आग लावली तीही घरांनाच.

छतानंतर पाणी. थंडाव्याची दुसरी जुनी सोय म्हणजे बारव: दगडी पायऱ्या, खोल सावली, खाली पाणी. या भागात बारवांना तोटा नाही. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. पण सार्वजनिक पाणवठ्यावर आपल्या माणसाला पायरी उतरता येत नव्हती. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात झाला, महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला. पण बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बोले ठरावाचा कागदही इथे लागू नव्हता. इथल्या माणसासाठी अस्पृश्यता कायद्याने संपली ती २६ जानेवारी १९५० ला, संविधानाच्या सतराव्या कलमाने.

साहेबांचा उकाडा कसा जायचा, हेही थोडक्यात सांगतो. छताला टांगलेला कापडी पंखा, त्याची दोरी बाहेर व्हरांड्यात, आणि दोरी रात्रभर ओढणारा एक गरीब माणूस. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने बर्फ कलकत्त्याला आला. आपण एसी "दीड टनाचा" म्हणतो तो टन याच बर्फाचा आहे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने आधुनिक वातानुकूलनाचे यंत्र आखले तेही माणसासाठी नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमटपणाने कागद फुगत होता, त्या कागदासाठी ते होते. कागदाला गारवा मिळाला, मजुराला नंतर.

आता मूळ मुद्दा, वीज. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते हे आपल्याला पाठ असते. त्याच खात्याकडे वीज आणि पाटबंधारे होते, हे आपल्याही भाषणांत क्वचित येते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी प्रश्न टाकला: वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? त्यांचे म्हणणे होते की वीज नुसती स्वस्त असून भागणार नाही, ती मुबलकही हवी. कारण विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय शेतीवर लटकलेल्या माणसाची सुटका नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले, पुढच्या वर्षी जलमार्ग व पाटबंधाऱ्यांचा केंद्रीय आयोग. १९४७ च्या "राज्ये आणि अल्पसंख्याक" या निवेदनात तर त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी स्पष्ट मागणी केली. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे वीज ही चैन नव्हती.

त्या विजेचे बीडमध्ये काय झाले? परळी वैजनाथला औष्णिक केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले, सुरुवातीला ३० मेगावॅटच्या संचांनी. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे ७५० मेगावॅट. दीड किलोवॅटने भागले तर पूर्ण क्षमतेने चालताना एका वेळी पाच लाख एसी चालतील एवढी वीज. ही वीज राज्याच्या जाळ्यात जाते. कुणाच्या दिवाणखान्यात पोहोचते ते कुणी सांगू शकत नाही. राख कुठे पडते ते मात्र सांगता येते. पाणीही इथलेच. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून अख्खे केंद्र बंद पडले होते. दुष्काळी जिल्ह्याने पाणी द्यावे, राख घ्यावी, आणि वर ऐकून घ्यावे की तुमच्या वस्तीत एसी आले!

वस्तीतल्या जोडणीचा हिशेब असा. महावितरणच्या दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला मंजूर भार ०.१ किलोवॅट, म्हणजे १०० वॅट. वापराची मर्यादा महिन्याला ३० युनिट. एक साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो. राहिले पंचवीस वॅट, त्यात एक दिवा आणि मोबाइल. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर दहा-बारा युनिट जातात. गरिबाच्या महिन्याचा कोटा तीन रात्रींत संपला. १४ एप्रिल २०२१ ला महावितरणने बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना आणली; अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत भरून जोडणी, तीही हप्त्यांनी. चांगलेच झाले. पण स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी अशी योजना काढावी लागते, यातच आपल्या दाव्याचा पुरावा आहे.

आणि ऊसतोड? बीडमधली लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शरीराची ही किंमत देऊन हे लोक गावी परततात तेव्हा मार्च-एप्रिल असतो, पारा चाळिशीकडे निघालेला. त्यांच्यासाठी गारवा म्हणजे लिंबाची सावली. कूलर म्हणाल तर त्याला रोज पाणी लागते, आणि इथे पिण्याचेच टँकरने येते.

मग शिक्षकाच्या घरचा तो एसी? तो त्याने कर्ज काढून, पगारातून हप्ते भरून घेतला. आरक्षणाने नोकरी दिली, नोकरीने स्लॅब दिला, स्लॅबने एसी. याची लाज वाटण्याचे कारण नाही. माझे आपल्याच लोकांशी भांडण वेगळे आहे: एसी बसला की आपण दार लावून घेतो आणि शेजारचा पत्रा विसरतो.

रमाई आवासचे घरकुल २६९ चौरस फुटांचे; ग्रामीण भागात शौचालयासह १ लाख ३२ हजारांचे अनुदान वर्षानुवर्षे चालत आले. एका एसीचा बसवून झालेला खर्च त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. त्या पैशात माणूस पत्रा टाकतो किंवा पातळ स्लॅब, आणि मे महिन्यात अंगणात झोपतो. ज्या हैदराबादच्या राज्यात बीड कधीकाळी होते, तिथे तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले: छतावर ऊन परतवणारा पांढरा लेप. आपल्याकडच्या घरकुलात छताच्या तापण्यासाठी स्वतंत्र पैसा धरलेला नाही.

येत्या ग्रामसभेत रमाईच्या यादीवर सही करण्याआधी दोन मागण्या लेखी द्या. घरकुलाच्या अनुदानात थंड छताचा खर्च वेगळा धरावा, आणि दारिद्र्यरेषेखालील जोडणीची १०० वॅट व ३० युनिटांची मर्यादा उन्हाळ्याचे चार महिने वाढवावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.