विमानांतील दिवा आणि ठिणगी

श्रोतेहो, रात्रीं अंगणांत उभें राहून आकाशाकडे पाहिलें, तर ताऱ्यांच्या मेळाव्यांतून एखादा तांबडा वा हिरवा दिवा संथपणें सरकतांना दिसतो. लहानशा विमानांत ही वीज येते कोठून, आणि ती वाटेंतच बंद पडली तर आंतील माणसांचें काय होतें, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत किटी हॉकजवळ राइट बंधूंचें विमान उडालें. त्याचें इंजिन सुमारें १२ अश्वशक्तीचें होतें. तें सुरू करण्यास लागणारी बॅटरी त्यांनीं जमिनीवरच ठेविली. विमानाबरोबर वर गेला तो इंजिनाच्याच गतीनें फिरणारा मॅग्नेटो. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या साहाय्यानें स्वतःच वीज उत्पन्न करून ठिणगी पाडणारें यंत्र. ठिणगीनें बॅटरीवर विसंबूं नये, या पुढें रूढ झालेल्या नियमाचें बीज या योजनेंत दिसतें.

दिव्यांची निकड भासली ती टपालामुळें. अमेरिकेंत दिवसां विमानानें नेलेलें टपाल रात्रीं आगगाडींत चढवावें लागे. दिवसां मिळविलेला वेळ रात्रीं गमवावा, असा तो व्यवहार होता. म्हणून २२ फेब्रुवारी १९२१ रोजीं रात्रंदिवस उड्डाणाचा प्रयोग सुरू झाला. त्याच दिवशीं नेवाडांत विमान कोसळून एका वैमानिकाचा बळी गेला. रात्रीं जॅक नाइट हा वैमानिक नॉर्थ प्लॅटहून ओमाहास पोंचला. पुढें जाणारा वैमानिक तेथें आलाच नव्हता, म्हणून तोच शिकागोपर्यंत गेला. वाटेंतील लोकांनीं पेटविलेल्या शेकोट्या हेच त्याचे दीपस्तंभ! तें टपाल सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला ३३ तास २० मिनिटांत पोंचलें. पुढें मार्गावर फिरते दीप उभारण्यांत आले, आणि १ जुलै १९२४ पासून रात्रींची नियमित टपालसेवा सुरू झाली. आपल्याकडे १९४९ मध्यें नागपूर हें रात्रींच्या विमानटपालाचें केंद्र झालें; दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमानें तेथें एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करीत.

विमानावरील दिव्यांची पद्धत जहाजांकडून आली. डाव्या पंखाच्या टोंकास तांबडा, उजव्याच्या टोंकास हिरवा, व शेंपटीस पांढरा. तांबडा व हिरवा एकदम दिसले, कीं विमान आपल्याच रोखानें येत आहे असें समजावें.

परंतु लहान विमानांत वीज सावकाश शिरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एका इंजिनाच्या पस मॉथ विमानांतून कराचीहून अमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तें दिवसाउजेडींच. १९३८ ते १९४७ या काळांत सुमारें २० हजार पायपर कब विमानें तयार झालीं. त्यांतील बहुतेकांत बॅटरीही नव्हती व डायनामोही नव्हता. एक जण पुढें उभा राहून पंखा हातानें फिरवी आणि मॅग्नेटोच्या ठिणगीनें इंजिन चालूं लागे. १९५६ पासून विकल्या गेलेल्या सेस्ना १७२ सारख्या विमानांमुळें मात्र १२ व्होल्टची बॅटरी, इंजिन फिरविणारी मोटर, रेडिओ व दिवे हीं नित्याचीं झालीं. इंजिन मंदावलें कीं डायनामो पुरेशी वीज देत नसे; म्हणून पुढें त्याची जागा ऑल्टरनेटरनें घेतली.

आतां हा ऑल्टरनेटर रात्रीं आकाशांत बंद पडला तर? बॅटरी थोडाच वेळ पुरते. वैमानिक अनावश्यक उपकरणें बंद करतो, विजेरीच्या उजेडांत कांटे पाहतो, आणि जवळचा विमानतळ गांठतो. इंजिन मात्र थांबत नाहीं. कारण त्याचे दोन मॅग्नेटो दिव्यांपासून व एकमेकांपासूनही स्वतंत्र असतात. ज्या नव्या इंजिनांची ठिणगी विजेवरच अवलंबून आहे, त्यांना दुसरी राखीव वीज ठेवावी लागते.

श्रोतेहो, मनुष्यानें दिवा आकाशांत नेला, परंतु दिवा विझला तरी घरीं परततां येईल, अशी तजवीज त्यानें आधींच करून ठेविली. त्या सरकत्या दिव्यामागें हें शहाणपण उभें आहे.